पेटी पूजेत आहे

बाळंतपण ही सार्वजनिक महत्त्वाची बाब आहे, हे आमच्या ग्रामपंचायतीच्या ध्यानात एकोणीसशे एकोणसत्तर साली आलं. त्याआधी गावातल्या बायका हे काम आपापल्या घरी, आपल्या मर्जीनं, कुणाची मंजुरी न घेता उरकत असत. तालुक्याहून परिपत्रक आलं तेव्हा कुठे आम्हाला कळलं की या कामाला समिती लागते. लगेच नेमली. माता व बालसंगोपन ग्रामसमिती, असं तिचं पूर्ण नाव. सरपंच चिंधा पाटील अध्यक्ष आणि मी चिटणीस. मी म्हणजे सुकदेव नाना, मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, गावात शुद्ध लिहिणारा एकमेव इसम. गावाचं नाव सांगत नाही. सोनगीरच्या किल्ल्यावरून खाली बघितलं की जी गावं दिसतात त्यांतलं एक, एवढं पुरे.

समितीत आम्ही सगळे पुरुष होतो. काही लोकांना त्यात खुसपट काढावंसं वाटतं. अहो, आमच्यापैकी एकालाही बाळंतपणाचा अनुभव नव्हता, म्हणूनच तर निर्णय निःपक्षपाती होणार होते! एक स्त्री सदस्य असावी असंही परिपत्रकात होतं. सरपंचांच्या मातोश्रींचं नाव घातलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे चर्चेत खोळंबा होण्याची भीती नव्हती.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते आणि तरुण माणसासारखेच घाईत होते. चावडीत उभं राहून त्यांनी सांगितलं की गावातली तान्ही पोरं आठवड्याभरात जातात ती सटवाईच्या कोपानं नाही, धनुर्वातानं जातात. नाळ कापायला सुईण कोपऱ्यातला विळा उचलते, वर गोवरीची राख दाबते, आणि तिथून विष अंगात शिरतं. हात साबणानं धुवा, पातं आणि दोरा उकळून घ्या, नाळेवर काही लावू नका. इतकं बोलून ते खाली बसले आणि पाणी प्यायले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढंच? एवढ्यासाठी सरकार एका बाईला महिनाभर धुळ्याला ठेवून शिकवणार, आणि वर ॲल्युमिनियमची पेटी देणार? यात नक्कीच काहीतरी खोल असणार, ते डॉक्टरांना माहीत नसावं, असं समितीचं मत पडलं.

मागे भिंतीला टेकून हिलाल गाडीवान बसला होता. गावचा कापूस गाडीत घालून धुळ्याच्या जिनात पोचवणं हा त्याचा धंदा. त्याची बायको सुंदरबाई. तिची दोन पोरं अशीच गेली होती, दोन्ही सटीच्या पूजेनंतर. तोंड मिटलं ते उघडलं नाही, अंग लाकडासारखं झालं. हिलाल उठून डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, म्हणजे ते इयानं गयात? सटवाईनं नही?" डॉक्टर म्हणाले, हो, विळ्यानंच. हिलाल तसाच उभा राहिला. सरपंचांनी त्याला खाली बसायची खूण केली, कारण आभारप्रदर्शन बाकी होतं.

आता शिकायला पाठवायचं कुणाला? गावात सुईण एकच, भिकूबाई. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर पडलेलं. जगलेलं आणि न जगलेलंही. बाई मोठी तोंडाळ, दातांना मिसरी लावून ती चावडीच्या पायरीवर आली आणि तिथूनच तिनं विचारलं, "मी महिनाभर धुळाले गऊ ते आठे बायास्नं कोन करी? तुम्हीन?"

प्रश्न रास्त होता. समितीनं त्यावर सखोल विचार केला. जिच्या जाण्यानं काम अडतं तिला प्रशिक्षणाला धाडणं म्हणजे कामाचं नुकसान. तेव्हा जिच्या जाण्यानं काडीचंही अडणार नाही अशी बाई धाडावी. यात आम्ही काही जगावेगळं केलं नाही. कुठल्याही कचेरीत जाऊन बघा, शिकायला कोणाला धाडतात ते. अशी बाई सरपंचांच्याच घरात निघाली. त्यांच्या धाकट्या भावाची बायको, यशोदाबाई. चौथी पास, सही करणारी, दिसायला नीटनेटकी. तिनं आजवर म्हशीचंही बाळंतपण केलेलं नव्हतं.

"आबा, पाटलांची सून सुईणपण करणार?" मी सरपंचांना खासगीत विचारलं.

आबा सभेत शुद्ध मराठी बोलत, पण खासगीत अहिराणीवर येत. "नाना, तिले शिकाले धाडी ऱ्हायनूत," ते म्हणाले. "कराले नही."

महिन्यानं यशोदाबाई परत आली तेव्हा फाट्यावर आम्ही डफ वाजवत उभे होतो. एस.टी. थांबली. सरपंचांनी पुढे होऊन पेटी उतरवली, मग यशोदाबाई स्वतःची स्वतः उतरली. पेटी मिरवत चावडीत आणली. आत लखलखीत कात्री, दोऱ्याचं रीळ, साबणाच्या वड्या, नखं घासायचा ब्रश, एनॅमलचं भांडं आणि मेणकापड. लोटन न्हाव्यानं साबणाची वडी हुंगून डोळेच मिटले. असा वास गावात लग्नातसुद्धा आला नव्हता.

"पेटी मी घरी नेते," यशोदाबाई पदर सावरून म्हणाली. "म्हणजे वेळेला हाताशी राहील."

धुळ्याचं पाणी लागलं की माणसाला असं बोलणं सुचतं. सरकारी पेटी घरी? तपासणीला कोण जबाबदार? पेटी पंचायतीच्या कपाटात गेली आणि किल्ली आबांच्या करदोट्याला. साबण हा पदार्थ वापरला की कमी होतो, ही गोष्ट मीच समितीच्या निदर्शनास आणली, आणि माझ्या सूचनेवरूनच नियम झाला: पेटी जरूर वापरावी, मात्र तिच्यातली कोणतीही वस्तू कमी होऊ नये, मळू नये व ओली होऊ नये. आजही तो नियम वाचला की मला त्यात एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटत नाही.

दुसरी अडचण विटाळाची. बाळंतिणीला शिवायचं म्हणजे दहा दिवस बाजूला बसायचं, आणि पाटलांच्या घरात ते चालणार नव्हतं. त्यावर समितीनं 'मार्गदर्शन' हा मार्ग काढला. यशोदाबाईनं अंगणात उभं राहून सांगायचं, भिकूबाईनं आत करायचं. हे ऐकून भिकूबाईचा जो भडका उडाला तो विचारू नका.

"ती सांगी आनि मी करू?" ती भर चौकात ओरडली. "तिना नवरा मन्हा हातवर पडना शे! आबा बी मन्हाच हातवर पडना, इचारा त्यास्ले कोनी काढं ते!"

आबांना स्वतःचा जन्म आठवत नव्हता, त्यामुळे विचारणं शक्य नव्हतं. पण नंतर तीही तयार झाली. यशोदाबाई अंगणात, पदर तोंडावर घेऊन म्हणायची, "हात धुवा." आतून आवाज यायचा, "धुयात वं माय, धुयात!" आत पाण्याचा थेंब नसायचा. यशोदाबाई पुढचं वाक्य म्हणायची, आतून पुढचा होकार यायचा. प्रशिक्षणाची अंमलबजावणी अशी शब्दशः चालू होती.

डॉक्टर महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. "पेटी वापरता ना?"

"फार जपून वापरतो, साहेब."

कपाट उघडून दाखवलं की त्यांना पेटीत तोंड दिसायचं. तरी ते खूश दिसत नसत. पुढे लवकरच त्यांची बदली झाली.

भाद्रपदात एके दिवशी दुपारी सुंदरबाई माझ्या ओट्याशी आली. दिवस भरत आले होते. तिच्यामागे वनाची बायको होती. वना म्हणजे आबांच्या शेतावरचा सालदार. तिचंही पोट दिसू लागलं होतं, पण तिला अजून अवकाश होता.

"नाना," सुंदरबाई म्हणाली, "मी काय जास्ती मांगत नही. मन्ही येळले तेवढी कातर द्या. दोन गयात. आते तिसरं जाई ते मी बी नही ऱ्हाऊ."

ती रडली नाही, हे मला बरं वाटलं. रडणाऱ्या अर्जदाराचा अर्ज नीट लिहून घेता येत नाही. मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीच तर सरकारनं पेटी धाडलीय. तुझ्या वेळेला पेटी दारात येईल, हा माझा शब्द."

"आनि मन्ही येळले?" मागून वनाच्या बायकोनं विचारलं.

"तुझं नंतर बघू," मी म्हटलं. एका वेळी एकच प्रकरण हाताळावं, ही माझी नोकरीतली शिस्त.

मी समितीपुढे विषय ठेवला, ठराव झाला, टाळ्या झाल्या. पण सुंदरबाईचा ठरावावर विश्वास नसावा. ती रोज दाळ निवडायच्या निमित्तानं यशोदाबाईकडे जाऊन बसायला लागली. दोघी काय कुजबुजायच्या कोण जाणे. पेटीतलं ज्ञान असं दाळीच्या सुपातून बाहेर जात होतं, याची समितीला कल्पना नव्हती.

आता खंडेनवमीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजेला मांडायची पद्धत सगळीकडेच आहे. पण आमच्या गावात तिचा कडक अंमल असतो. नवमीच्या सकाळी जे लोखंड पूजेला बसतं ते दसऱ्याची आरती होईपर्यंत उठत नाही. विळी नाही, विळा नाही, कुऱ्हाड नाही. त्या दिवशी गावात भाजी चिरली जात नाही, वरण-बट्टीवर भागवतात. न्हाव्याचा वस्तरा बसतो, वाण्याचा तराजू बसतो. पूर्वी कुणीतरी नवमीला कोयता उचलला आणि त्याचा बैल मेला म्हणे. बैल कोणाचा आणि कधीचा हे कुणाला माहीत नाही, त्यामुळे ही गोष्ट कुणाला खोटीही म्हणता येत नाही.

त्या वर्षी पंचायतीच्या खोलीत मांडामांड झाली. पाटलांची गंजकी तलवार, कोतवालाची काठी, पाण्याचं इंजिन, शाळेची घंटा, आणि सगळ्यांच्या मधोमध पाटावर पेटी. तिचं झाकण उघडून कात्रीला कुंकू लावलं, साबणाला अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार घातला. गुरवानं मंत्र म्हटले. असं तेज होतं पेटीला की मी स्वतः हात जोडले.

आणि नेमका तेव्हाच हिलाल धावत आला. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही.

"नाना, पेटी! तिन्हं पोट दुखाले लागनं!"

मी घसा साफ करून म्हटलं, "हिलाल, पेटी पूजेत आहे."

"पूजामा शे ते काढा ना! तुम्हीन शब्द देल शे!"

"शब्द दिला हे कोण नाकारतंय? शब्द कायम आहे. फक्त पेटी पूजेत आहे."

आबांनी गुरवाकडे बघितलं, गुरवानं वर बघितलं, आणि उद्याच्या आरतीआधी काही हलणार नाही, असं सांगितलं. मग आबा हिलालकडे वळून अगदी आपुलकीनं म्हणाले, "सुंदरबाईले इचारी पाय ना भाऊ, सकायपावत दम धरस का?"

"आबा, ते काय तिना हातमा शे?"

हे उत्तर उद्धटपणाचं होतं, तरी आबांनी मनावर घेतलं नाही. सगळे सभासद तिथंच असल्यानं तातडीची सभा सुरू करता आली. फुलचंद शेठ, वाणी आणि आमचे सभासद, म्हणाले, पेटी हलत नाही तर सुंदरबाईलाच इथं आणा. सूचना चांगली होती, पण देवाच्या खोलीत विटाळ कसा चालेल? मग कुणी म्हणालं, नुसती कात्री काढा आणि जागेवर सुपारी ठेवा. गुरव म्हणाला, कुंकू लागलंय, आता ती कात्री राहिली नाही, देवी झाली. हिलाल एकाच्या तोंडाकडे बघत होता, मग दुसऱ्याच्या. एकदम तो पुढे झाला आणि त्यानं हाराला हात घातला.

"हिलाल!" आबा गरजले. "उचल! आणि तिसरं गेलं तर मग आम्हाला विचारू नको, का गेलं म्हणून!"

हिलालचा हात हारावर तसाच राहिला. दोन पोरं पुरलेला बाप तो. पोरं पापानं नाही, विळ्यानं गेली, हे त्याला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि हात उचलणं वेगळं. त्यानं हात मागे घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि तशी मी इतिवृत्तात नोंदही घेतली.

कोंडी शेवटी मीच फोडली. पेटी पूजेत आहे, पण यशोदाबाईचं प्रमाणपत्र पूजेत नाही! ते भिंतीवर टांगलेलं होतं, कागदाचं होतं, त्यात लोखंड नव्हतं. यशोदाबाईनं प्रमाणपत्र घेऊन हिलालच्या अंगणात जावं आणि मार्गदर्शन करावं, ही माझी सूचना एकमतानं मंजूर झाली. आबांच्या मातोश्रींनीही मान हलवली, पण त्यांची मान तशी नेहमीच हलते.

पुढचं मी हिलालच्या कुडाबाहेर उभं राहून पाहिलं, ऐकलं. आम्ही पोचेपर्यंत पोर झालंही होतं. मुलगा. रडत होता, चांगला खणखणीत. पण नाळ तशीच. भिकूबाई दारात कपाळाला हात लावून बसलेली.

"कापत का नाहीस?" यशोदाबाईनं विचारलं.

"काशानं कापू? दातस्नी? गावनं बठ्ठं लोखंड पूजामा शे!"

भिकूबाईचा तो विळाही घरी पाटावर हळदीकुंकू लावून बसला होता. बाई एकवेळ जेवण सोडेल, पण नवमी मोडणार नाही. लोटनचा वस्तरा पूजेत, चांभाराची रापी पूजेत. गावात त्या घटकेला एक नाळ कापायला पातं नव्हतं, इतके आम्ही सश्रद्ध होतो.

आतून सुंदरबाईचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. "अक्का, फुलचंद शेठना दुकानमा नवी पत्ती शे. कागदमानी. त्याले पूजा नही लागेल."

हिलाल पळाला. हे सगळं दाळ निवडताना ठरलेलं असणार, असं मला आता वाटतं. हिलालनं मागाहून सांगितलं, शेठ सभेतून घरी परतले होते. ते म्हणाले, आज तराजू पूजेत आहे, व्यवहार बंद. तेवढ्यात मागच्या दारातून त्यांच्या घरवाली सायरबाई बोलल्या, "तराजू पूजा में है तो तराजू को मत छुओ. पत्ती को कोई तोलना पडे है?" आणि दाढीच्या पत्तीचं कोरं पाकीट हिलालच्या हातावर ठेवलं. वाण्याचं शास्त्र पक्कं असतं. कागदातून न निघालेलं पातं हे हत्यार नव्हे, माल.

पत्ती आली. यशोदाबाईनं चुलीवर पाणी उकळलं, त्यात पत्ती टाकली, दोरा टाकला. मग प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं, पदर खोचला, राखेऐवजी सुंदरबाईच्या घरातल्या कपड्यांच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि उंबरा ओलांडून आत गेली.

"यशोदाबाई!" मी ओरडलो. "मार्गदर्शन अंगणातून!"

तिनं वळून बघितलंही नाही. पाटलांची सून, शिकलेली, आणि बाळंतिणीच्या खोलीत! मी प्रमाणपत्र घेऊन तसाच अंगणात उभा. आत पोर रडायचं थांबलं, मग पुन्हा रडलं, मग बायकांचा हसण्याचा आवाज आला. भिकूबाईनं राखेची चिमूट पुढे केली असावी, कारण यशोदाबाई म्हणाली, "काही नाही लावायचं. काही म्हणजे काही नाही." आणि भिकूबाई पुटपुटली, "बरं वं माय. तुन्हं राज्य."

सट झाली, बारसं झालं. पोराचं तोंड मिटलं नाही. सुंदरबाई अंगणात बसून दिवसभर त्याला पाजायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं उघडं तोंड दाखवायची. गावात असा आनंद मी क्वचित पाहिला.

यशोदाबाईला मात्र आबांनी दहा दिवस गोठ्यात बसवलं. "मी तिले शिकाले धाडं व्हतं!" ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मी इतिवृत्तात 'अंगणातून यशस्वी मार्गदर्शन' असं लिहून घराण्याची अब्रू राखली.

दिवाळीनंतर जिल्ह्याहून साहेब आले. पुण्याकडचे होते, अहिराणी कळत नव्हती. त्यांनी पेटी बघितली, साबणाच्या वड्या मोजून बघितल्या, कात्री उघडून मिटून बघितली. "उत्कृष्ट! इतकी सुस्थितीत पेटी मी जिल्ह्यात पाहिली नाही." मग सुंदरबाईला पोरासकट बोलावलं. "बाई, या पेटीचा तुम्हाला काय उपयोग झाला?"

सुंदरबाई सरळ बोलली. "साहेब, पेटी पूजामा व्हती. भिकू आजीना इया बी पूजामा व्हता. म्हणीसन मन्हा पोऱ्या वाचना."

"काय म्हणते?" साहेबांनी मला विचारलं.

"पेटीची पूजा होती, तिच्या पुण्याईनं मूल वाचलं, असं म्हणते साहेब."

टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे पाणावले. धुळ्याला प्रदर्शन भरणार होतं, त्यात ही पेटी आणि शेजारी प्रशिक्षित सुईण अशी दोन्ही ठेवायची त्यांनी ठरवलं. आबांनाही हे पसंत पडलं. टेबलामागे नमस्कार करून उभं राहायचं, यात विटाळ नव्हता. जाता जाता साहेबांनी सहज विचारलं, "बाहेरचं काही वापरत नाही ना? फक्त पेटीतलंच?"

"छे छे, फक्त पेटीतलं," आबा म्हणाले. सरपंचाचा शब्द खोटा पडू नये म्हणून त्याच सभेत नियम केला: बाळंतपणास पेटीबाहेरचं कोणतंही पातं वापरू नये, व दुकानदारांनी त्या कामासाठी पत्ती देऊ नये. फुलचंद शेठनी हो म्हटलं आणि घरी जाऊन मागच्या दाराला कडी घातली.

पेटी धुळ्याला गेली. यशोदाबाईही गेली. मार्गशीर्षात वना माझ्याकडे आला. पेटी कुठंय, म्हणाला. प्रदर्शनात आहे, मी म्हटलं. मग यशोदाबाई? त्याही प्रदर्शनात. तो शेठकडे गेला, शेठनी नियम दाखवला. सायरबाई आत होत्या, पण कडी बाहेरून होती. हिलाल गाडी घेऊन जिनात गेलेला. सुंदरबाईनं आपल्याकडची जुनी पत्ती शोधली, ती पोराच्या जावळाला वापरून गंजली होती. तोवर भिकूबाई पोचली होती. नवमी नव्हती, कसलाच सण नव्हता. विळा मोकळा होता.

मुलगी झाली. बारशाआधी तिचं तोंड मिटलं.

तेव्हा पेटीला धुळ्यात पहिलं बक्षीस मिळालेलं होतं. ती आता पंचायतीत काचेच्या कपाटात असते. कायमची पूजेत. सकाळी हार, संध्याकाळी उदबत्ती. तुम्ही कधी आलात तर दाखवीन.

आता तुम्ही म्हणाल, नाना, काय हे! तुम्हाला आमचं हसू आलं असेल, मग शेवटी हळहळ वाटली असेल. वाटणारच. आम्हालाही वाटली, नोंद आहे. पण सांगताना मी तुमच्याकडेही बघत होतो. सुंदरबाईचं नाव मी तुम्हाला सांगितलं, भिकूबाईचं सांगितलं, वाण्याच्या बायकोचंसुद्धा सांगितलं. ती दुसरी मात्र माझ्या ओट्याशी आली, 'आनि मन्ही येळले?' म्हणाली, तिची मुलगी गेली, तरी मी आपला वनाची बायको, वनाची बायको म्हणत राहिलो. तुम्ही एकदाही मला विचारलं नाहीत की तिचं नाव काय.

आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा, तुमचं होऊन जाईल.